रद्दीतला ईसीजी

“मगदूम, ती पेटी रिकामी करा,” पन्हाळकर साहेब म्हणाले. “आत्ता. माझ्यादेखत.”

ते माझ्या खुर्चीमागे उभे होते. आवाज चढलेला नव्हता. पण त्यांचा आवाज चढत नसे तेव्हाच जास्त धास्ती वाटायची. आनंदराव पन्हाळकर म्हणजे आमच्या हृदयरोग रुग्णालयाचे प्रशासन अधिकारी. सगळी नोकरी एसटीत काढून, डेपो मॅनेजर म्हणून निवृत्त होऊन ते कोल्हापुरात आमच्याकडे आले होते. गाडी वेळेवर सुटलीच पाहिजे, हा त्यांचा एकच धर्म. मी रुग्णालयाचे कॉम्प्युटर आणि मेल सांभाळायचे. इंजिनिअरिंग करून लागलेली माझी ती पहिलीच नोकरी.

“साहेब, थोडा वेळ द्या,” मी म्हणाले. “एकदा चाळून बघते, मग करते रिकामी.”

“परवापासून हेच ऐकतोय. आज सकाळी लॅबचे रिपोर्ट वॉर्डात पोचले नाहीत. का? तर सर्व्हर भरला. कशानं भरला? ह्या घाणीनं. ऑपरेशनला घेतलेला पेशंट टेबलावर झोपून रिपोर्टची वाट बघत होता, मगदूम. चाळायचं काय त्यात?”

त्यांचं चूक नव्हतं. त्या जानेवारीत आमच्या मेलवर पूर आला होता. नको असलेल्या जाहिराती आधीही यायच्या, पण त्यांना अडवायला गाळणी होती. ती गाळणी मेलमधले शब्द वाचायची. लॉटरी, कर्ज, गोळ्या, शेअर असले शब्द दिसले की मेल बाजूला. मग पाठवणारे हुशार झाले. जाहिरात शब्दांत लिहायचीच नाही, तिचं चित्र करायचं आणि ते चित्र जोडायचं. माणसाच्या डोळ्याला चित्रातली अक्षरं दिसतात, गाळणीला नुसते ठिपके दिसतात. वर त्या चित्रात दर वेळी थोडी रेती उडवल्यासारखे वेगळे ठिपके टाकायचे, म्हणजे एक चित्र ओळखून दुसरं पकडता येऊ नये. दिवसाला हजारोंनी चित्रं येत होती आणि आमची गाळणी आंधळ्यासारखी त्यांना आत सोडत होती.

साधा उपाय होता, चित्र असलेली प्रत्येक मेल फेकून देणं. पण तो आमच्याकडे चालणारा नव्हता, कारण आमचं अर्धं कामच चित्रांवर चालायचं. घाटातल्या आणि घाटाखालच्या आरोग्य केंद्रांना रुग्णालयानं ईसीजीची यंत्रं दिली होती. कुणाच्या छातीत दुखलं की तिथले डॉक्टर ईसीजी काढत, तो स्कॅन करून आम्हाला मेलनं पाठवत आणि आमच्या डॉ. निर्मला शिरगुप्पे तो बघून काय करायचं ते सांगत. त्या भागात हृदयाच्या डॉक्टर म्हणजे त्या एकट्याच.

म्हणून पन्हाळकर साहेबांशी भांडून मी मधला मार्ग काढला होता. केंद्रांचे पत्ते आम्हाला माहीत होते. त्या पत्त्यांवरून आलेलं चित्र थेट मॅडमच्या कॉम्प्युटरवर जाईल. बाकी कुठूनही आलेलं चित्र एका वेगळ्या पेटीत अडकून पडेल. आता ती पेटीच गळ्यापर्यंत भरली होती.

“एक प्रोग्राम लिहिलाय,” मी म्हणाले. “तो चालवून बघायचाय, साहेब. चाललाच तर उद्यापासून पेटी लागणारच नाही. सगळी चित्रं ह्या कचऱ्यातच आहेत, मला दुसरीकडे एवढी कुठं मिळणार?”

“काय करतो तुमचा प्रोग्राम?”

“ईसीजीचा कागद चौकड्यांचा असतो. उभ्याआडव्या रेघा सारख्या अंतरावर. जाहिरातीत तसं नसतं. प्रोग्राम अक्षरं वाचायला जातच नाही. तो फक्त सारख्या अंतरावरच्या रेघा शोधतो.”

त्यांनी बाजूची खुर्ची ओढली. “चालवा.”

मी चालवला. पडद्यावर आकडे सरकू लागले. साहेब मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसले. जेवणाची सुट्टी होती, बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये डबे उघडल्याचा वास येत होता. प्रोग्राम थांबला तेव्हा एवढ्या ढिगाऱ्यातून त्यानं पाच-सहाच चित्रं वेगळी काढली होती.

पहिलं उघडलं. चौकड्यांच्या शर्टाची जाहिरात.

“वा,” साहेब म्हणाले.

दुसरं शब्दकोड्याचं. तिसरं बाथरूमच्या फरशांचं. साहेब उठायलाच लागले होते. मी चौथं उघडलं.

काळापांढरा, जरा तिरका स्कॅन झालेला कागद. बारीक चौकड्या. आणि त्यांवरून चाललेली रेघ.

“हे काय?” साहेबांनी विचारलं, पण त्यांनाही कळलं होतं. रुग्णालयात काम करणाऱ्याला ती रेघ ओळखता येते.

मी मेल उघडली. विषय नाही, मजकूर नाही. पाठवणाऱ्याचं नाव होतं ‘दिल का बादशाह’. फुकटच्या खात्यावरून पाठवलेली. मी डोळ्यांनी चाळत बसले असते, तरी असल्या नावाची मेल न उघडता पुसली असती. ती सकाळी, दवाखाना उघडायच्या सुमारास आली होती.

मी कागद छापला आणि पळत शिरगुप्पे मॅडमच्या खोलीत गेले. साहेब माझ्यामागून आले.

मॅडम साठीला आलेल्या, बारीक, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घालणाऱ्या. पोळीचा घास हातात होता. तो तसाच डब्यात ठेवून त्यांनी कागद घेतला, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ धरला.

“कुणाचा हा?”

“माहीत नाही, मॅडम. कोपऱ्यात पेननं ‘पु. ५२’ लिहिलंय. बाकी काही नाही.”

“कधी आला?”

“सकाळी. अडकून पडला होता.”

त्यांनी कागद टेबलावर सपाट केला आणि बोट ठेवलं. “ही रेघ इथं खाली उतरायला हवी. उतरतच नाही. टोपी घातल्यासारखी वर उचललेली आहे, सगळ्या पुढच्या भागात. मोठी रक्तवाहिनी बंद आहे ह्याची.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “ह्याला सकाळीच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळायला हवं होतं. अजूनही देता येईल. पण प्रत्येक तासाला ह्याच्या हृदयाचा एक तुकडा मरतोय. कुठं आहे हा माणूस?”

मी त्या पत्त्यावर उत्तर पाठवलं, ‘हा ईसीजी कुठून पाठवला? ताबडतोब फोन करा’, आणि आमचा नंबर. पण कुठल्या तरी सायबर कॅफेत बसणारा हा बादशाह ते कधी वाचणार? साहेबांनी फोन उचलून एकेका केंद्राला लावायला सुरुवात केली. पहिल्या केंद्रावर कुणाला छातीत दुखलेलं नव्हतं. दुसऱ्यावरही नाही. तिसरीकडे फोन उचलणाऱ्यानं डॉक्टरांना शोधून आणेपर्यंत साहेबांची बोटं टेबलावर ताशा वाजवत होती. तिथूनही नाही.

“थांबा,” मॅडम म्हणाल्या.

त्या अजून कागदाकडेच बघत होत्या. “वृषाली, पट्टीच्या सुरुवातीला हा छोटा चौकोन दिसतो? यंत्र बरोबर चाललंय की नाही हे कळायला यंत्रच तो काढतं. चारी कोपरे काटकोनात यायला पाहिजेत. ह्याचा वरचा कोपरा बघ.”

कोपरा झिजलेल्या साबणासारखा गोल उतरला होता.

“हे करंजखोलचं मशीन आहे. मी इलाहीला दहादा सांगितलं, दुरुस्तीला पाठव म्हणून. तो म्हणतो, चालतंय की मॅडम, पाठवलं तर महिनाभर मशीन नसेल.”

डॉ. इलाही नायकवडी हे करंजखोलच्या केंद्राचे डॉक्टर. मॅडमनी त्यांना वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलं होतं. मी त्यांना एकदाच बघितलं होतं, यंत्र न्यायला आले तेव्हा. धिप्पाड, दाढी मेंदीनं रंगवलेली, मोठ्यानं हसणारे.

साहेबांनी करंजखोलला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

“उचलत नाहीत.”

“लाइन तुटलेली असेल,” मी म्हणाले. “तुटलेली लाइनसुद्धा इकडं वाजल्यासारखी ऐकू येते. परवापासून त्यांची एकही मेल नाही. म्हणूनच तालुक्याला जाऊन कुणीतरी कॅफेतून पाठवलं असणार.”

“मोबाइल?”

“तिथं रेंज नाही, साहेब.”

मॅडमनी हात कपाळाला लावला. “ॲम्ब्युलन्स सोडली तरी घाट चढून पोचायला संध्याकाळ होईल. इंजेक्शन त्यांच्या फ्रीजमध्ये आहे. माणूस तिथं, औषध तिथं, आणि सांगायला कुणी नाही.”

पन्हाळकर साहेब फोनकडे बघत उभे होते. एकाएकी त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि न बघता, तोंडपाठ असलेला नंबर फिरवला.

“हॅलो, स्टँड का? कंट्रोलर कोण आहे ड्युटीवर? ...सावंता? अरे, मी पन्हाळकर. ...नमस्कार राहू दे. करंजखोल फाट्यावर एक बूथ होता बघ, आपल्या गाड्यांची वेळ विचारायला फोन करायचे तिथनं. नंबर दे त्याचा. ...भिंतीवर लिहिलेला असेल, बघ. पळ.”

मॅडमनी ॲम्ब्युलन्स सोडायला सांगितली. मी फोनचं स्पीकरचं बटण दाबलं. नंबर मिळाला. साहेबांनी लावला आणि पलीकडून लगेच आवाज आला.

“हॅलो, करंजखोल फाटा, बोला.”

“कोल्हापूरहून बोलतोय, हृदयाच्या दवाखान्यातून—”

“आत्ता व्हय फोन करताय?” पलीकडचा माणूस जवळजवळ ओरडलाच. “अवो, डॉक्टर सकाळपास्नं हितं बसलेले! तुमचा फोन येणार, तुमचा फोन येणार म्हणून. माझा चार वेळा च्या झाला त्यांच्यासंगं. केंद्राचा फोन बंद हाय न्हवं, म्हणून माझा नंबर कळवलावता त्यांनी तुम्हाला.”

नंबर कळवला होता. ‘दिल का बादशाह’नं कागद तेवढा पाठवला आणि खाली चार शब्द टाइप करायचा कंटाळा केला होता.

मॅडम उठून फोनजवळ आल्या. “मी डॉक्टर शिरगुप्पे. इलाहीला फोन द्या.”

“ते गेले की आत्ताच. गाडीवरनं. वर धनगरवाड्यावर, पोलिओच्या डोसाला.”

“पेशंटला सोडून? मग पेशंटजवळ कोण आहे?”

“कंचा पेशंट?”

“ज्याचा ईसीजी पाठवला तो! बावन्न वर्षांचा पुरुष. केंद्रात ॲडमिट असेल.”

“मला काय ठावं न्हाई बाई. थांबा, सिस्टरना हाळी मारतो. केंद्र हितंच हाय, हाकेवर.”

रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. मग कोंबड्यांचा, मग लांबून मारलेली हाक. एसटीचं इंजिन घरघरत होतं. साहेबांनी मान तिरकी करून तो आवाज ऐकला. मॅडमनी कागद पुन्हा हातात घेतला होता.

धावत आल्याचा दम लागलेला बाईचा आवाज आला. “मॅडम, मी शालन कांबळे. सिस्टर.”

“शालन, हा सकाळचा ईसीजी. पेशंट कुठाय?”

पलीकडून नुसता धापांचा आवाज आला.

“शालन?”

“वाईट हाय व्हय, मॅडम?”

“फार वाईट आहे. कुठाय तो?”

“मॅडम, तो डॉक्टरांचाच हाय.”

मॅडम खाली बसल्या. त्या बसल्या हे मला खुर्चीच्या आवाजानं कळलं, कारण मी फोनकडेच बघत होते.

“पहाटेपास्नं छातीत दाबतंय म्हणत हुते,” शालनबाई रडत बोलायला लागल्या. “मीच जबरदस्तीनं झोपवून काढला. मीच वडापच्या जीपनं तालुक्याला गेले, कॅफेतनं पाठवून आले. नाव घालू नको म्हणाले, मॅडम उगं घाबरतील. दुपारपतूर बसले हितं. मग म्हणाले, शालन, फोन न्हाई आला, म्हंजे काय न्हाई. पित्त आसंल. आणि डोसाची पेटी घेऊन गेले. मी अडवलं हो मॅडम. म्हणाले, तूच सगळ्यांना सांगतीस न्हवं, फोन न्हाई आला म्हंजे सगळं ठीक?”

तशी पद्धतच होती. इतक्या केंद्रांचे ईसीजी आणि बघणारं माणूस एक. प्रत्येकाला फोन करणं शक्य नव्हतं. काही वाईट असेल तरच मॅडम फोन करायच्या. फोन नाही म्हणजे घरी जा. योजना सुरू झाल्या दिवसापासून असंच चाललं होतं.

“किती वेळ झाला जाऊन?” मॅडमनी विचारलं. आवाज अगदी सपाट.

“आत्ता, मॅडम. धनगरवाड्याची चढण लागली आसंल.”

“मागून कुणी जाऊ शकेल? दुसरी गाडी?”

“गाडी कुठली मॅडम हितं—”

“आहे,” पन्हाळकर साहेब म्हणाले. त्यांनी फोन स्वतःकडे ओढला. “सिस्टर, फाट्यावर एसटी उभी आहे. मला आवाज येतोय. कंडक्टरला बोलवा.”

थोडा गलका. मग तरुण पुरुषाचा आवाज. “कोण बोलतंय?”

“मी पन्हाळकर. पूर्वी डेपो मॅनेजर होतो. नाव काय तुझं?”

“विलास जाधव, साहेब. ओळखतो तुम्हाला. माझे वडील तुमच्या हाताखाली ड्रायव्हर होते.”

“विलास, नीट ऐक. नायकवडी डॉक्टर धनगरवाड्याच्या रस्त्यानं मोटारसायकलवर गेलेत. त्यांना हार्ट अटॅक आलाय. त्यांना माहीत नाही. गाडी तिकडं घे आणि त्यांना खाली आण.”

“साहेब, तो आपला रूट न्हाई. कच्चा रस्ता हाय. पॅसेंजर बसलेत गाडीत—”

“पॅसेंजरला सांग कुणाला आणायला चाललोय. एक माणूस नाही म्हणाला तर मला सांग.” साहेब थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “विलास, मला आता हुकूम करायचा अधिकार नाही. विनंती करतोय. उद्या कुणी विचारलं तर पन्हाळकरांचं नाव सांग.”

“जातो, साहेब.”

दार आपटल्याचा आवाज आला. घंटीची दोरी दोनदा ओढली. इंजिनाचा आवाज मोठा झाला आणि लांब गेला.

मॅडमनी शालनबाईंना तयारी सांगितली. इंजेक्शन काढून ठेव, सलाइनची बाटली, रक्तदाबाचं यंत्र, ॲस्पिरिनची गोळी. त्या केंद्राकडे पळाल्या. बूथवाल्याला रिसीव्हर तसाच ठेवायला सांगितलं. आणि आम्ही तिघं बंद खोलीत बसून त्या फाट्यावरचे आवाज ऐकत राहिलो. कुणीतरी खोकलं. एक बैलगाडी गेली. बूथवाला मधूनमधून येऊन सांगायचा, “न्हाई अजून,” आणि जायचा.

“पडला असेल तर?” मॅडम म्हणाल्या. कुणाशी बोलत होत्या कळलं नाही. “गाडीवरून पडला, डोक्याला मार लागला, तर मला ते इंजेक्शन देता येणार नाही. मेंदूत रक्तस्राव होईल. म्हणजे तो सापडूनही उपयोग नाही.”

साहेब म्हणाले, “नाही पडायचा.”

“तुम्हाला काय माहीत?”

“काही माहीत नाही, मॅडम.”

मी त्यांच्या टेबलावरचा उघडा डबा बंद केला. दुसरं करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. माझा प्रोग्राम, सर्व्हर, ती पेटी सगळं खालच्या खोलीत राहिलं होतं. इथं फक्त एक काळा फोन होता आणि त्यातून येणारा वाऱ्याचा आवाज.

मग लांबून हॉर्न ऐकू आला. एकदा नाही, सारखा. मागून माणसांचा कालवा.

“आली! आली गाडी!” बूथवाला ओरडला. “बसलेत आत! बसलेत!”

“त्यांना विचारा, पडले का?” मॅडम उभ्या राहिल्या होत्या. “डोक्याला लागलंय का, विचारा!”

पायांचा गोंधळ झाला आणि एक जाड, दमलेला आवाज फोनवर आला.

“मॅडम. काय हा तमाशा? आख्खी एसटी पाठवलीत?”

“इलाही, गाडीवरून पडलास?”

“नाही. वळणावर घाम फुटला, डोळ्यापुढं अंधारी आली. गाडी लावली आणि दगडावर बसलो होतो.”

“डोक्याला कुठं लागलं नाही? खरं सांग.”

“नाही मॅडम. अल्लाकसम.”

“पोटात अल्सर? कधी रक्त पडलंय?”

“नाही.” ते थांबले. शिकलेले डॉक्टर होते, ते प्रश्न कशाचे हे त्यांना कळत होतं. “पुढचा भाग आहे का, मॅडम? मोठी?”

“मोठी आहे.”

“मी बघितला होता,” ते म्हणाले. “मला वाटलं होतं तसं. मग वाटलं, आपलाच आहे म्हणून तसं दिसतंय.”

“आता एक पाऊल चालायचं नाही. चौघांना उचलून न्यायला सांग. शालनला ड्रिप मीच सांगितलं असतं, पण तिकडं फोन नाही. तुला सांगते, तू तिला सांग.”

मॅडम हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. किती पाण्यात मिसळायचं, किती वेळात संपवायचं, रक्तदाब उतरला तर काय करायचं. नायकवडी डॉक्टर पलीकडून प्रत्येक वाक्य परत म्हणत होते, वर्गातल्यासारखं. मधेच त्यांचा श्वास अडला आणि एक वाक्य अर्धं राहिलं. मॅडम थांबल्या. त्यांनी ते पुरं केलं.

नंतर कळलं, केंद्रात पलंगावर पडून ते स्वतःच शालनबाईंना ड्रिपचे थेंब मोजायला सांगत होते. एसटीतले उतारू बाहेर ओट्यावर बसून राहिले. विलास दर थोड्या वेळानं बूथवर येऊन रक्तदाबाचा आकडा सांगायचा आणि मॅडमचा निरोप घेऊन परत पळायचा. एकदा आकडा फार खाली आला. मॅडमनी थेंब थांबवायला सांगितले, पाय वर करायला सांगितले, आणि पुढचा निरोप येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पुढचा आकडा बरा होता.

उन्हं कलल्यावर विलासचा शेवटचा निरोप आला. “मॅडम, सिस्टर म्हणत्यात, दुखायचं खरंच थांबलं. आणि तुमची ॲम्ब्युलन्स आली.”

पन्हाळकर साहेबांनी खिशातून चष्मा काढला, पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “मगदूम, ती पेटी राहू दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेढे घेऊन डेपोत गेले. येताना माझ्यासाठी नवीन डिस्क घेऊन आले. मी प्रोग्राम नीट केला. शर्ट आणि फरशा त्यात अधूनमधून यायच्याच, पण चौकड्यांचं काहीही आलं, कुणाच्याही नावानं आलं, तरी ते थेट मॅडमकडे जायचं.

नायकवडी डॉक्टर आमच्याकडेच ॲडमिट होते. हृदयाचा थोडा भाग गेला होता, बराचसा वाचला होता. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी मी मॅडमबरोबर त्यांच्या खोलीत गेले. दाढीची मेंदी उतरली होती. ते उशीला टेकून बसले होते.

“मगदूम मॅडम, तुमचा सत्कार करायला पाहिजे,” ते म्हणाले. “पण एक सांगू का? त्या दिवशी सकाळी मला खूप दुखत होतं. बूथवरचा फोन वाजला की काळीज हलायचं. तुमचा नसायचा. असं दुपारपर्यंत झालं. मग मी म्हटलं, मॅडमनी बघितलंच असणार. काही असतं तर त्या गप्प बसल्या नसत्या. आणि दुखायचं कमी झालं. खोटं नाही. खरंच मला बरं वाटलं. हसत हसत गाडीला किक मारली मी.”

मॅडम हातातल्या फाइलची पानं चाळत होत्या. त्यांनी ती बंद केली.

“किती जणांना मी असं घरी पाठवलं असेल,” नायकवडी डॉक्टर म्हणाले. “फोन नाही आला, जा, काही नाही तुला. त्यांनाही असंच बरं वाटलं असणार.”

मॅडमनी त्यांची नाडी बघितली, चादर नीट केली आणि बाहेर आल्या. कॉरिडॉरमध्ये मला म्हणाल्या, “आज किती ईसीजी आलेत?”

“नऊ, मॅडम.”

“वाईट कुठला?”

“तुम्ही एकावर खूण केलीय. त्यांना फोन झालाय.”

“बाकीच्या आठांचे नंबर काढ.”

त्या खोलीत जाऊन बसल्या. मी एकेक नंबर लावून देत होते आणि त्या सांगत होत्या. चौथा करंजखोलचा होता. केंद्राचा फोन सुरू झाला होता. शालनबाईंनी उचलला. धनगरवाड्यावरचे एक म्हातारे होते, दम लागतो म्हणून आलेले.

“ईसीजी बघितला, शालन,” मॅडम म्हणाल्या. “काही नाही. अगदी चांगला आहे.”

“मग फोन का केलासा, मॅडम?” शालनबाई घाबरून म्हणाल्या.

“काही नाही, हे सांगायला.”

पलीकडे कुजबुज झाली. मग रिसीव्हर कुणीतरी ओढून घेतल्यासारखा खरखरला आणि एक म्हातारा, फाटका आवाज आला. त्याला फोनची सवय नसावी, तो फार मोठ्यानं बोलत होता.

“बाई, तुमी कोल्लापुरास्नं बोलताय?”

“होय, बाबा.”

“माझं काळीज बघितलंसा?”

“बघितलं. चांगलं आहे.”

“परत एकदा सांगा की,” तो म्हणाला.

मॅडमनी रिसीव्हर दोन्ही हातांत धरला आणि परत एकदा सांगितलं.